कार-टी सेल थेरपी : स्वतःच्याच पेशींनी कॅन्सरवर उपचार कसा होतो?

कार-टी सेल थेरपी ही रक्ताच्या काही कॅन्सरवरची उपचारपद्धती आहे. तिच्यात रुग्णाच्या रक्तातील रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करतात, त्यांची संख्या वाढवतात आणि सलाइनप्रमाणे त्या पुन्हा शिरेवाटे शरीरात सोडतात. बदललेल्या या पेशी कॅन्सरच्या पेशींना ओळखून मारतात. अमेरिकेत २०१७ मध्ये या पद्धतीच्या पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात तयार झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराला केंद्रीय औषध नियामकाने मान्यता दिली. तो आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून उभा राहिला आहे.

नेहमीचे औषध शरीरात जाते, काम करते आणि काही तासांत किंवा दिवसांत बाहेर पडते. कार-टी पेशी मात्र जिवंत असतात. त्या शरीरात वाढतात, पसरतात आणि काही रुग्णांमध्ये वर्षानुवर्षे टिकतात. या उपचाराची ताकद, त्याचे धोके आणि त्याचा खर्च या तिन्ही गोष्टी समजून घ्यायच्या तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

टी-पेशी कॅन्सरला का ओळखत नाहीत?

रक्तातील पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी टी-पेशी विषाणूने ग्रासलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी शोधून नष्ट करतात, तर बी-पेशी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतात. टी-पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात. समोरच्या पेशीवरची खूण या रिसेप्टरमध्ये कुलपात किल्ली बसावी तशी बसली, की टी-पेशी हल्ला चढवते.

कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते. ती शरीराच्याच पेशीत बिघाड होऊन तयार झालेली असते. त्यामुळे बऱ्याचदा टी-पेशींना ती परकी वाटत नाही. शिवाय कॅन्सरच्या पेशी आपल्या ओळखखुणा लपवू शकतात आणि टी-पेशींना थोपवणारे संकेतही पाठवू शकतात.

टी-पेशीला नवा रिसेप्टर दिला तर ती कॅन्सरला थेट ओळखेल, असा विचार १९८० च्या दशकात पुढे आला. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एश्हार आणि गिडिऑन ग्रॉस यांनी १९८९ मध्ये असा जोडरिसेप्टर असलेल्या टी-पेशी तयार केल्या. रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग अँटिबॉडीपासून घेतलेला होता आणि आतला भाग टी-पेशीचा स्वतःचा होता. दोन वेगळ्या गोष्टी जोडून केलेला म्हणून त्याला ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’ म्हणतात. या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कार’ हे नाव पडले.

सुरुवातीच्या कार-टी पेशी कॅन्सरला ओळखत, पण शरीरात फार काळ टिकत नसत. रिसेप्टरच्या आतल्या भागात ‘वाढा आणि टिकून राहा’ असा आणखी एक संकेत जोडल्यावर हे चित्र पालटले. आज वापरात असलेले उपचार याच सुधारित रचनेवर आधारलेले आहेत.

सीडी१९ ही खूणच का निवडली?

कार-टी पेशी कॅन्सरची पेशी कोणती आणि निरोगी पेशी कोणती, असा विवेक करत नाही. ज्या पेशीवर ठरलेली खूण दिसेल ती पेशी ती मारते. म्हणून खुणेची निवड फार महत्त्वाची ठरते.

सीडी१९ हे प्रथिन बी-पेशींच्या पृष्ठभागावर असते. बी-पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमिया आणि लिम्फोमा या कॅन्सरच्या पेशींवरही ते असते. सीडी१९ वर नेम धरला तर कॅन्सरबरोबर निरोगी बी-पेशीही मरतात. पण बी-पेशींशिवाय माणूस जगू शकतो, कारण त्यांचे अँटिबॉडी बनवण्याचे काम बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देऊन काही प्रमाणात भागवता येते. हृदय, फुप्फुस किंवा यकृत यांच्या पेशींबाबत असे करता येत नाही.

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर आहे. त्यासाठी बीसीएमए नावाची वेगळी खूण वापरतात. या खुणेवरच्या पहिल्या कार-टी उपचाराला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली.

उपचाराचे टप्पे

पेशी काढणे : रुग्णाच्या शिरेतून रक्त एका यंत्रात घेतात. यंत्र पांढऱ्या पेशी बाजूला काढते आणि बाकीचे रक्त परत शरीरात सोडते. डेंग्यूच्या रुग्णासाठी यंत्रावर प्लेटलेट दान करताना जी पद्धत वापरतात, तीच इथेही असते. याला काही तास लागतात आणि भूल द्यावी लागत नाही.

पेशी बदलणे : प्रयोगशाळेत टी-पेशी वेगळ्या करून त्यांना उत्तेजित करतात. मग एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने कार रिसेप्टरचे जनुक त्यांच्यात घालतात. यासाठी बहुधा लेंटिव्हायरस वापरतात. हा विषाणू एचआयव्हीच्या कुळातला असला, तरी त्याचे रोग निर्माण करणारे आणि स्वतःच्या प्रती काढणारे भाग काढून टाकलेले असतात. त्याच्याकडे फक्त जनुक पोहोचवण्याचे काम उरते. त्यानंतर पेशींची संख्या कोट्यवधींपर्यंत वाढवतात, त्या शुद्ध आणि जंतुविरहित असल्याची तपासणी करतात आणि गोठवून रुग्णालयात पाठवतात.

मधला काळ : पेशी काढल्यापासून परत मिळेपर्यंत साधारण काही आठवडे जातात. आजार वेगाने वाढणारा असेल तर हा काळ फार कठीण असतो. आजार आटोक्यात ठेवण्यासाठी मध्ये केमोथेरपी किंवा रेडिएशन द्यावे लागते. काही रुग्णांची प्रकृती एवढ्या काळात इतकी ढासळते, की पेशी तयार होऊनही त्या देता येत नाहीत. आधीच्या अनेक केमोथेरपींमुळे टी-पेशी कमकुवत झालेल्या असतील तर पुरेशा पेशी तयारच न होण्याचीही शक्यता असते.

जागा करणे : पेशी देण्याआधी काही दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोथेरपीची औषधे देतात. ही मात्रा कॅन्सर मारण्यासाठी नसते. शरीरात आधीपासून असलेल्या पांढऱ्या पेशी कमी करून नव्या पेशींना वाढायला जागा मिळावी, हा तिचा हेतू असतो.

पेशी देणे : गोठवलेली पिशवी वितळवून शिरेतून पेशी सोडतात. हे काम बहुधा अर्ध्या तासात आटोपते. इतक्या दिवसांच्या तयारीनंतर हा क्षण रुग्णाला अगदी साधा वाटू शकतो. खरी कसोटी पुढच्या दोन आठवड्यांत असते.

उपचार लागू पडतो तेव्हाच धोका का वाढतो?

कार-टी पेशींना कॅन्सरच्या पेशी सापडल्या की त्या झपाट्याने वाढतात आणि सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. ही रसायने इतर प्रतिकारक पेशींनाही जागे करतात. त्यातून तीव्र ताप, थंडी, अंगदुखी, रक्तदाब घसरणे आणि धाप लागणे असे त्रास होतात. याला ‘सायटोकाइन रिलीज सिंड्रोम’ म्हणतात. सौम्य प्रकारात फक्त ताप येतो, तर गंभीर प्रकारात रुग्णाला अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. शरीरात कॅन्सरचे प्रमाण जितके जास्त, तितकी ही प्रतिक्रिया तीव्र होण्याची शक्यता अधिक.

या धोक्यावरचा उपाय २०१२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात सापडला. एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया होता आणि केमोथेरपीनंतर तो दोनदा उलटला होता. एप्रिल २०१२ मध्ये तिला कार-टी पेशी देण्यात आल्या. हा उपचार मिळालेली ती पहिली लहान मुलगी होती. काही दिवसांतच तिची प्रकृती इतकी बिघडली, की ती वाचेल अशी आशा उरली नव्हती. तपासणीत तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ या सायटोकाइनचे प्रमाण प्रचंड वाढल्याचे दिसले. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला लहान मुलांमधील संधिवात असल्याने, इंटरल्युकिन-६ ला अडवणारे टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध त्यांच्या माहितीत होते. ते दिल्यावर एमिलीची प्रकृती झपाट्याने सुधारली. पुढे तिचा कॅन्सर नाहीसा झाला आणि तो परतला नाही. आज कार-टी उपचार देताना टोसिलिझुमॅब हाताशी ठेवले जाते.

दुसरा मोठा त्रास मेंदूशी संबंधित आहे. गोंधळणे, शब्द न आठवणे, हात थरथरणे, गुंगी येणे आणि क्वचित फिट येणे अशी त्याची लक्षणे असतात. तो लवकर ओळखण्यासाठी साध्या चाचण्या रोज केल्या जातात. रुग्णाला शंभरपासून दहा-दहाने उलटे आकडे मोजायला, समोरच्या वस्तूंची नावे सांगायला आणि एक वाक्य लिहायला सांगतात. कालपर्यंत नीट लिहिणाऱ्या रुग्णाचे अक्षर अचानक बिघडले, तर ती धोक्याची सूचना मानून स्टेरॉइड सुरू करण्याचा विचार होतो. बहुतेक रुग्णांमध्ये हा त्रास काही दिवसांत ओसरतो.

घरी परतल्यानंतर

पहिले काही आठवडे रुग्णाला रुग्णालयाच्या जवळपास राहावे लागते आणि सतत कुणीतरी सोबत असावे लागते. ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते, कारण तो सायटोकाइनचा आहे की जंतुसंसर्गाचा, हे घरी ठरवता येत नाही. गुंगी किंवा गोंधळ होण्याची शक्यता असल्याने गाडी चालवण्यास मनाई असते. अमेरिकेत रुग्णालयाजवळ राहण्याची अट पूर्वी चार आठवड्यांची आणि वाहन न चालवण्याची अट आठ आठवड्यांची होती. तिथल्या नियामकाने २०२५ मध्ये दोन्ही अटी दोन आठवड्यांवर आणल्या. रुग्णाने मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदतच पाळायची असते.

रक्तातील पेशींची संख्या काही आठवडे, कधी काही महिने कमी राहू शकते. या काळात रक्त किंवा प्लेटलेट द्यावे लागतात. बी-पेशी नाहीशा झाल्याने अँटिबॉडी कमी होतात आणि छातीचे किंवा सायनसचे संसर्ग वारंवार होऊ शकतात. अशा रुग्णांना ठरावीक काळाने इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. त्याचा खर्च मूळ उपचाराच्या खर्चात धरलेला असतोच असे नाही. लसींचे वेळापत्रकही डॉक्टरांच्या सल्ल्याने नव्याने आखावे लागते.

आणखी एक दुर्मीळ धोका पुढे आला आहे. कार-टी उपचार घेतलेल्या काही रुग्णांना नंतर टी-पेशींचाच नवा कॅन्सर झाला. अमेरिकेत २०२३ च्या अखेरपर्यंत २७ हजारांहून अधिक मात्रा दिल्या गेल्या होत्या आणि अशी २२ प्रकरणे नोंदली गेली होती. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने या औषधांवर तशी ठळक सूचना छापायला सांगितली. इतर सर्व उपाय थकलेल्या रुग्णासाठी फायद्याचे पारडे अजूनही जड मानले जाते, मात्र आयुष्यभर तपासणीत राहण्याचा सल्ला दिला जातो.

किती रुग्ण बरे होतात?

या उपचाराच्या बातम्यांत ‘कॅन्सर नाहीसा झाला’ असे शब्द येतात. ते खरे असतात, पण अपुरे असतात. कॅन्सर दिसेनासा होणे आणि तो पुन्हा न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत पहिली परवानगी ज्या चाचणीवरून मिळाली, तिच्यात लहान मुले आणि तरुण असे ७५ रुग्ण होते. सर्वांचा ल्युकेमिया उलटलेला किंवा औषधांना दाद न देणारा होता. त्यांपैकी ८१ टक्के रुग्णांमध्ये तीन महिन्यांच्या आत कॅन्सर दिसेनासा झाला. मात्र एक वर्षानंतर आजार न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होते. वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाच्या आणखी एका गाजलेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर सुमारे ४३ टक्के रुग्ण जिवंत होते.

हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. या रुग्णांवरचे नेहमीचे उपचार संपले होते आणि कार-टी नसती तर त्यांच्यातील बहुतेकांचे आयुष्य काही महिन्यांचेच उरले होते. दुसरीकडे, २०१० मध्ये उपचार घेतलेल्या पहिल्या रुग्णांपैकी दोघांच्या शरीरात दहा वर्षांनंतरही कार-टी पेशी आढळल्या आणि त्यांचा ल्युकेमिया परतलेला नव्हता.

आजार उलटण्याची मुख्य कारणे दोन. कधी कार-टी पेशी फार लवकर नाहीशा होतात. कधी कॅन्सरच्या पेशी आपल्यावरची सीडी१९ ही खूणच गाळून टाकतात आणि मग पेशी शरीरात असूनही शत्रू त्यांना दिसत नाही. काही रुग्णांना, विशेषतः ल्युकेमियाच्या रुग्णांना, कार-टीनंतर बोन मॅरो ट्रान्सप्लांटचाही सल्ला दिला जातो.

मुंबईतला उपचार

अमेरिकेत पहिल्या कार-टी औषधाची किंमत पावणेपाच लाख डॉलर ठेवली गेली. तेव्हाच्या दराने ही रक्कम सुमारे तीन कोटी रुपये होते आणि रुग्णालयाचा खर्च त्यात धरलेला नाही. एकेका रुग्णासाठी स्वतंत्रपणे औषध बनवावे लागत असल्याने मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून किंमत पाडता येत नाही. भारतीय रुग्णाच्या पेशी परदेशी पाठवून परत आणायच्या, तर खर्चात आणि वेळेत आणखी भर पडते.

आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने देशातच कार-टी पेशी बनवण्याचे काम हाती घेतले. टाटा मेमोरियलचे डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन आणि त्यांचे सहकारी उपचाराच्या बाजूने त्यात होते. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या. आयआयटीतून निघालेल्या इम्युनोअॅक्ट या कंपनीने पुढे उत्पादनाची जबाबदारी घेतली. ‘नेक्सकार१९’ या नावाने हा उपचार उपलब्ध झाला आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे औपचारिक लोकार्पण झाले. बी-पेशींचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमा नेहमीच्या उपचारांना दाद देत नसेल किंवा उलटला असेल, अशा १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी तो आहे.

या उपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकूण ६४ रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि परिणाम मोजता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्क्यांमध्ये उपचाराला प्रतिसाद मिळाला. त्याची किंमत अमेरिकेतील किमतीच्या साधारण एक दशांश आहे. तरीही ती काही दहा लाखांत जाते आणि बहुतांश कुटुंबांच्या आवाक्याबाहेर राहते. बेंगळुरूच्या इम्युनील या कंपनीनेही २०२५ मध्ये ‘कार्टेमी’ हा कार-टी उपचार भारतात आणला.

स्तन, तोंड किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरवर का नाही?

भारतात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर मोठ्या प्रमाणावर आढळतो. या गाठींच्या कॅन्सरवर कार-टी अजून नेहमीचा उपचार झालेला नाही. त्याचे पहिले कारण म्हणजे योग्य खूण सापडत नाही. गाठीवर असलेल्या बहुतेक खुणा महत्त्वाच्या निरोगी अवयवांवरही असतात. दुसरे कारण, रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशींपर्यंत टी-पेशी सहज पोहोचतात, पण घट्ट गाठीच्या आत शिरणे त्यांना अवघड जाते. तिसरे कारण, गाठीच्या आतले वातावरण टी-पेशींना निष्प्रभ करते.

या दिशेने संशोधन चालू आहे. जठराच्या कॅन्सरवर चीनमध्ये झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कार-टी घेतलेल्या गटात आजार वाढण्याआधीचा काळ सुमारे सव्वातीन महिने होता, तर इतर औषधे घेतलेल्या गटात तो पावणेदोन महिने होता. फरक खरा आहे, पण रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसलेल्या परिणामाशी त्याची तुलना होत नाही. म्हणून ‘कोणत्याही कॅन्सरवर कार-टी’ असा दावा कोणी केला, तर सावध राहावे.

निर्णयाआधी विचारायचे प्रश्न

कार-टीचा विषय निघतो तेव्हा कुटुंब बहुधा आधीच्या उपचारांनी आणि खर्चाने थकलेले असते. अशा वेळी डॉक्टरांना काही प्रश्न स्पष्टपणे विचारलेले चांगले :

• या प्रकारच्या कॅन्सरसाठी हा उपचार मान्यताप्राप्त आहे की चाचणीचा भाग आहे?
• पेशी तयार होईपर्यंत आजार आटोक्यात कसा ठेवणार? पेशी तयार झाल्या नाहीत तर पैसे किती परत मिळतील?
• सांगितलेल्या रकमेत अतिदक्षता विभाग, टोसिलिझुमॅब आणि नंतरचे इम्युनोग्लोब्युलिन धरले आहे का?
• या रुग्णालयात आतापर्यंत किती रुग्णांना हा उपचार दिला गेला आहे?
• बरे होणे हे उद्दिष्ट आहे, की ट्रान्सप्लांटपर्यंत पोहोचणे?
• विमा, मुख्यमंत्री सहायता निधी किंवा धर्मादाय संस्थांकडून किती मदत मिळू शकते?

शक्य असेल तर हा विचार लवकर सुरू करावा. आजार शरीरात कमी असताना आणि टी-पेशी बऱ्या अवस्थेत असताना दिलेला उपचार तुलनेने सुरक्षित असतो आणि तो लागू पडण्याची शक्यताही जास्त असते. सगळे पर्याय संपल्यावर शेवटच्या दिवसांत चौकशी केली, तर पेशी तयार होण्याइतका वेळही हाती राहत नाही.